ऐंशी मिनिटांत न मावलेलं

दुकानात आलेल्या माणसाला माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "वाजवणार कशावर?" गाणी कोणती आणि किती, ते नंतर. लोकांना हा प्रश्न खुळचट वाटायचा. सीडी ती सीडी, कशावरही वाजेल. पण पानवाला जसा आधी "साधं का तंबाखू" विचारतो, तसा हा प्रश्न आमच्या धंद्यात आधी विचारावाच लागायचा. ज्यानं नाही विचारला त्याच्याकडं दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक भांडायला येणार, हे नक्की.

हिंगोलीला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. आधी कॅसेटी भरून द्यायचो, मग सीड्या, मग मेमरी कार्डं. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात, आणि मी घरी बसून असतो. या अंकाच्या संपादकांनी सांगितलं की तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. एकदोन लिहितो. पण माझ्या पोटात जे अडकून बसलंय ते काही गमतीचं नाही, आणि ते लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिण्यात मला काडीचा रस नाही.

आधी धंदा समजून घ्या. कॉम्प्युटरातली गाणी दोन तऱ्हेनं सीडीवर जातात. एक, जशी आहेत तशी फाईल म्हणून टाकायची. दीडशे गाणी आरामात बसतात. पण ही गाणी म्हणजे वाळवलेले सांडगे. जागा थोडी खातात, खायच्या आधी मात्र तळावे लागतात, आणि जुन्या साध्या प्लेअरकडं कढईच नसते. त्यात ती सीडी टाकली की तो नुसता गरगर फिरतो आणि "नो डिस्क" म्हणून मोकळा होतो. दुसरी तऱ्हा ऑडिओ सीडीची. त्यात गाणं पूर्ण उलगडून, तयार करून घालावं लागतं. ही सीडी कुठल्याही डब्यावर, म्हणजे साध्यातल्या साध्या प्लेअरवरही वाजते, पण तिच्यात ऐंशी मिनिटं मावतात. ऐंशी म्हणजे ऐंशीच. कॉम्प्युटरच्या पडद्यावर खाली एक पट्टी असायची. गाणी टाकत गेलं की ती भरत जायची आणि ऐंशीच्या पुढं गेली की लाल व्हायची. लाल पट्टी हिरवी करणं, हे माझं निम्मं आयुष्य.

बाकीचं अर्धं सीडी सांभाळण्यात गेलं. साध्या प्लेअरसाठी सीडी सावकाश मारावी, म्हणजे भरावी लागते. घाईनं मारलेली माझ्या मशीनवर वाजायची आणि गिऱ्हाइकाच्या घरी अडखळायची. शेवटी ती बंद करावी लागते, म्हणजे आता यात आणखी काही भरायचं नाही असा शिक्का मारावा लागतो. मधेच लाईट गेली तर सीडी मेली. दुरुस्ती नाही, पुसणं नाही. अशा मेलेल्या सीड्यांचा माझ्याकडं ढीग असायचा. खेड्यातले लोक त्या मागून न्यायचे आणि पाखरं उडवायला ज्वारीत टांगायचे. माझ्या चुका साऱ्या तालुक्यात उन्हात चमकायच्या.

गमतीजमतीत एक सांगतो. कळमनुरीच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामानं माझ्याकडून नाचायच्या गाण्यांची सीडी नेली. ऑडिओ सीडीत दोन गाण्यांच्या मध्ये दोन सेकंद शांतता आपोआप पडते. ती काढून टाकता येते, पण सांगितलं तर. मामानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. वरात ऐन रंगात आली, गाणं संपलं, दोन सेकंद सगळं गप्प. आणि नेमकं त्या दोन सेकंदांत वराकडचा एक पाहुणा शेजाऱ्याच्या कानात ओरडून मुलीकडच्या जेवणाबद्दल जे बोलत होता ते साऱ्या गल्लीनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी मामा दुकानात. "तुमच्या दोन सेकंदांनी सोयरीक मोडत व्हती राजेहो. आम्हाला वाटलं बराबर भरून देतान." त्यानंतर लग्नाची सीडी म्हटलं की मी मधली शांतता काढूनच टाकायचो. तेव्हा हसलो होतो. पण खरं सांगायचं तर तिथूनच मला ती सवय लागली. गाणं नाही ते सगळं कापायचं.

कारण लोक स्वतः भरून आणायचे त्यात कचरा फार असायचा. मोबाईलवर कुणाचं भजन, कुणाचं पोवाडा म्हणणारं लेकरू. गाणं संपलं तरी भरणं बंद करायचं ध्यानात राहायचं नाही. मग पुढं पाच-दहा मिनिटं भांड्यांचा आवाज, कुत्रं, "चहा ठेव गं", एसटीचा हॉर्न. याला मी शेपूट म्हणायचो. शेपूट कापून दिलं की गिऱ्हाईक खूश. "कसं साफ केलं हो भाऊ," म्हणायचे. मलाही त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

आणखी एक रीत होती माझी. आईनं शिकवलं होतं की शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. काही नाही तर मूठभर साखर तरी घालून द्यायची. मी तेच मेमरी कार्डाला लावलं. कार्डातलं काम झालं की कार्ड पुसून साफ करायचं आणि गळ्यापर्यंत गाणी भरून परत द्यायचं, आपल्याकडून भेट म्हणून. साऱ्या स्टँडवर माझं नाव होतं त्यासाठी. त्या भल्या सवयीनंच पुढं घात केला.

एका दुपारी मिलिंद नावाचा तरुण आला. शिरड शहापूरचा. पुण्याकडं कंपनीत कामाला होता, चार दिवसांच्या सुट्टीवर आलेला, आणि त्याच रात्री परतीची गाडी. "जयभीम काका," म्हणाला आणि खिशातून कागदात गुंडाळलेलं मेमरी कार्ड काढलं. त्याचे वडील दादाराव. मी त्यांना ओळखत नव्हतो, पण ऐकून होतो. त्यांची गायन पार्टी होती. जयंतीच्या महिन्यात या गावाहून त्या गावाला, रोज नवा मंडप. त्यांच्या आवाजाला माइक लागत नाही असं लोक म्हणायचे. त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन केल्यावर आवाज राहणार नाही. तेव्हा दादारावांनी घरात कुणी नसताना, बायको रोजानं शेतात निंदायला गेलेली असताना, आपल्या साध्या बटनाच्या मोबाईलवर एकट्यानं सारी गाणी भरून ठेवली. मग नांदेडला दाखल झाले. आवाज गेला, आणि आठवडाभरात ते पण गेले.

"मायला सीडी पाहिजे," मिलिंद म्हणाला. "तिला मोबाईल वापरता येत न्हाई. घरी डबा हाय, बाबाला गाण्याच्या स्पर्धेत बक्षीस भेटलेला. त्याच्या बटनावर मी टिकली चिटकून देली, तेवढी दाबता येते तिला."

मी माझा प्रश्न विचारला. डबा जुना, साधा, सांडगे न चालणारा. म्हणजे ऑडिओ सीडी.

"तू ऐकलंस का सगळं?"

"न्हाई काका. पहिलंच गाणं लावलं अन् बंद केलं. मला ऐकवत न्हाई. तुमीच बगा. अन् एकाच सीडीत बसवा. मायला सीडी बदलता येत न्हाई."

कार्डात अठरा फाईली होत्या. सतरा गाणी. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. खोकला मधे मधे, दम तुटलेला, पण वरचा सूर अजून तसाच. साथीला काही नाही, बहुतेक ट्रंकेवर किंवा पत्र्यावर हातानं ठेका धरलेला. सतरा गाण्यांची अठ्ठ्याहत्तर मिनिटं भरली. अठरावी फाईल चौदा मिनिटांची होती. ती टाकली आणि पट्टी लाल झाली.

आमच्या भागात तेव्हा चारला लाईट जायची. साडेतीन होत आले होते. सावकाश मारायची तर सीडीला वेळ पाहिजे, आणि मधे लाईट गेली तर सीडी जाणार. मी अठरावी फाईल कानाला लावली. आधी खाकरण्याचा आवाज. मग दादाराव बोलले, गाण्याच्या आवाजात नाही, साध्या आवाजात.

"कौसल्या, गाणे सरले म्हनून उठू नको. बस जरा."

मी बंद केलं. कौसल्या कोण, मला काय ठाऊक. मिलिंद आईला माय म्हणत होता, तिचं नाव काही त्यानं घेतलं नव्हतं. मला वाटलं, घरात कुणी बाई आली असेल, भरणं चालू राहिलं असेल. शेपूट. अठरावी फाईल बाजूला केली, पट्टी हिरवी झाली, सीडी मारली. चारला दहा कमी असताना तयार. मग रीतीप्रमाणं कार्ड साफ केलं आणि त्यात गळ्यापर्यंत गाणी भरली. गाणारा माणूस होता, म्हटलं त्याच्या घरात गाणी वाजू देत. मिलिंदनं माझे हात हातात घेतले. "काका, तुमी लई तकलीफ घेतली." तो सीडी घेऊन गावाकडच्या एसटीला गेला आणि लाईटही गेली.

आठ-दहा दिवसांनी एक बाई दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. सावळी, उंच, डोक्यावर पदर. रुमालाच्या गाठीत सीडी आणि कार्ड. शिरड शहापूरहून एसटीनं एकटीच आली होती.

"भाऊ, मिलिंदनं तुमच्याकडूनच नेली ना ही?"

"व्हय बाई. वाजत नाही का?"

"वाजते. चांगली वाजते. पन शेवटाला काही न्हाई याच्यात."

"काय पाहिजे होतं शेवटाला?"

ती आत येऊन स्टुलावर बसली. रुमालाची गाठ सोडली. मग म्हणाली, "दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी म्हनले, समदे गाणे भरून ठेवले मी. डब्यात टाकून ऐक. अन् शेवटाला जे हाय ते कोनाचं न्हाई, फक्त तुझं हाय. मी म्हनलं, काय हाय, आताच सांगा ना. तर हासले. म्हनले, तोंडावर न्हाई बोलता येत मला."

मी विचारलं, "तुमचं नाव काय बाई?"

"कौसल्या."

कार्ड मशीनला लावलं. त्यात मी भरलेली गाणी होती, काठोकाठ. कॉम्प्युटरवर मी फक्त सतरा फाईली घेतल्या होत्या. अठरावी कार्डावरूनच पट्टीत टाकून पाहिली होती, उतरवून घेतलीच नव्हती. पुसलेलं परत काढायचं सॉफ्टवेअर असतं, ते चालवलं. रिकाम्या कार्डातून काही तरी निघतं, पण भरलेल्या कार्डातून काय निघणार. माझीच भेट, माझंच साखर घातलेलं भांडं. पाऊण तास ती स्टुलावर बसून पडद्याकडं पाहत होती. तिला वाटत होतं मी शोधतोय, आणि मी शोधतच होतो, पण मला ठाऊक होतं.

शेवटी मी म्हणालो, "कार्डात एवढंच होतं बाई. सतरा गाणी."

बस. हे एक वाक्य. माझ्या धंद्यात मी लोकांना पुष्कळ थापा मारल्या असतील, उद्या देतो, परवा देतो. पण ही थाप तशी नव्हती. मला वाटलं, जे परत येणार नाही ते होतं म्हणून सांगून काय उपयोग. हे मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी भ्यालो.

तिनं मान हलवली. उलट मलाच धीर दिला. "मंग भरायचं ऱ्हायलं असंन. गाणे म्हनून म्हनून दम संपला असंन त्यांचा. तुमी काहून वाईट वाटून घेता, भाऊ." रुमालाला पुन्हा गाठ मारून ती गेली. म्हणजे चूक माझी, आणि तिचा भार तिनं मेलेल्या नवऱ्याच्या दमावर टाकला. मी टाकू दिला.

त्यानंतर कैक वर्षं गेली. सीड्या बंद झाल्या. दुकान बंद केलं. एक सीडी रायटर मात्र मी घरी ठेवला, का ठेवला ते मला सांगता येणार नाही. मागच्या वर्षी मिलिंद पत्ता काढत घरी आला. आता तो चाळिशीकडं झुकलेला. सीडी जुनी होऊन खराब झाली होती, अडखळत होती. दुसरी करून पाहिजे होती. सतरा गाणी माझ्या कॉम्प्युटरात होती, मी कधी पुसली नव्हती. मशीन चालू केलं. बोलता बोलता तो सहज म्हणाला, "मायचं एक वेगळंच हाय काका. शेवटचं गाणं संपतं, डबा आपोआप बंद होतो, तरी ही उठत न्हाई. बसून ऱ्हाते. अर्धा अर्धा घंटा. मी म्हनतो, माय, संपलं. ती म्हनते, ऱ्हाऊ दे जरा."

मी मशीनकडं तोंड करून बसलो होतो ते बरं झालं. सीडी तयार झाली तेव्हा मी ती त्याच्या हातात दिली नाही. म्हणालो, "ही मी घेऊन येतो. तुझ्या आईशी मला बोलायचंय."

तो म्हणाला, "काहून? काय झालं?" मी म्हणालो, तिथं सांगतो.

चार दिवसांनी गेलो. घर स्वच्छ, अंगणात सारवलेलं, फडताळात डबा, त्याच्या बटनावर टिकली. किती टिकल्या बदलल्या असतील कुणास ठाऊक. कौसल्याबाई थकल्या होत्या, पण मला ओळखलं. पाणी दिलं. मी पाणी प्यायच्या आधी सांगितलं. सगळं. अठरावी फाईल, लाल पट्टी, कार्ड, आणि ती थाप. मिलिंद भिंतीला टेकून उभा होता. त्याचं तोंड उतरत गेलं.

मी शिव्या खायच्या तयारीनं गेलो होतो. बाई म्हणाल्या, "मंग होतं."

"होतं, बाई."

"तुमी ऐकलं?"

"एकच वाक्य ऐकलं. मग बंद केलं."

"काहून बंद केलं? गिऱ्हाईक व्हतं?"

"न्हाई. लाईट जाणार होती. अन् जागा नव्हती सीडीत."

"काय म्हनले?"

मी सांगितलं. कौसल्या, गाणे सरले म्हनून उठू नको. बस जरा.

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग विचारलं, "नाव घेतलं माझं?"

"घेतलं."

"कवाच न्हाई घेतलं त्यांनी. समद्या जिंदगीत न्हाई. मिलिंदची माय, न्हाई तर अगं ए." थोड्या वेळानं म्हणाल्या, "घरात तालीम व्हायची तवा गाणं सरलं की मीच आदी उठायची. च्या ठेवायला. तेच ध्यानात व्हतं त्यांच्या." मग बोटांकडं पाहत, "चौदा मिनिटं म्हंजे किती हो भाऊ?"

मी चुलीकडं पाहिलं. म्हणालो, "सात-आठ भाकरी होतील तेवढा वेळ."

"एवढं बोलले?" त्या म्हणाल्या. "माझ्यासंगं एका दमात एवढं जल्मात बोलले न्हाईत."

मिलिंद बाहेर निघून गेला. मी तिथंच बसलो. पुढं काय होतं हे आपल्या मनानं रचून सांगावं, असा विचार एकदा माझ्या मनात आला, हेही लिहून टाकतो. चार गोड वाक्यं, कुठलाही नवरा म्हणेल अशीच. पण एक थाप पुरे होती.

"अजून एक डाव म्हना," त्या म्हणाल्या. "ते जसं म्हनले तसं."

मी म्हणालो. आधी खाकरलो, कारण ते खाकरले होते. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा. चार वेळा म्हणालो. पाचव्यांदा माझ्याच्यानं होईना. तेव्हा त्यांनी स्वतःच ते वाक्य म्हणून पाहिलं, हळू, आपलंच नाव घेऊन, आणि "बस जरा" म्हणून थांबल्या. पुढचं त्यांना येत नव्हतं आणि मलाही येत नव्हतं.